भिंगरीची छाननी

वाढदिवसाला औक्षणाचं ताट पाहून कुणी पळून जातं का? निहार जायचा. पाट मांडला, निरांजन पेटलं, मंडळींनी टाळ्या पिटत गाणं सुरू केलं, की हा कान दाबून थेट पलंगाखाली! मागच्या वर्षी तर तो इतका रडला, की आत्याबाई म्हणाल्या, "शाल्मली, फार लाडावून ठेवलायस हं."

ते शाल्मलीच्या मनाला फार लागलं. आपला लेक स्वमग्न आहे, त्याच्या मेंदूची रीत वेगळी आहे, हे तिला ठाऊक होतं. पण ताट दिसताच त्याला नेमकं काय होतं, हे कोडं काही सुटत नव्हतं. त्याला एकदा तरी हसताना ओवाळावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि आज पुन्हा वाढदिवस होता.

शाल्मली यंत्रमानव दुरुस्त करायची. सकाळी तिने घरच्या यंत्रमानवाची, भिंगरीची, श्रवणपट्टी (आवाज टिपणारा भाग) बदलली आणि घाईघाईत तिला स्वयंपाकघरात धाडलं. कुकरची शिट्टी झाली, मिक्सर घरघरला, आणि भिंगरी ओट्याशी थरथरत उभी राहिली.

"अगं, नुसती कोथिंबीर निवडायला सांगितली ना?"

"ताई, तुमचा आवाज यातला कुठला, तेच सापडत नाहीये. पंखा, शिट्टी, नळाची टपटप, सगळे सारख्याच जोराने बोलतायत."

शाल्मलीने मिक्सर बंद करून तिच्या पाठीचं झाकण उघडलं. छाननी (नको ते आवाज मागे सारणारा भाग) जोडायचीच राहिली होती! गाळणीशिवाय चहा ओतला, की चोथाही कपात येतो, तसंच झालं होतं. ती तार जोडायला गेली आणि तिचा हात थांबला.

"आपला मेंदूही छाननी करतो गं," ती हळूच म्हणाली. "पंखा मागे सारतो, हाक पुढे आणतो. निहारचा मेंदू बहुधा सगळंच आत येऊ देतो. टाळ्या, ज्योत, कपाळावरचं ओलं कुंकू, सगळं एकदम. आणि मी त्याला पाटावर धरून बसवत होते!" तिचे डोळे भरून आले.

"मग त्यालाही छाननी बसवा."

"तो बिघडलेला नाही, भिंगरे. जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं, हे तुझ्याआधी तो सांगतो. छाननी घराला बसवायची."

संध्याकाळी तिने सगळ्यांना बजावलं, "टाळ्या नाहीत, गाणं नाही." आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. पंखा बंद झाला, मोठा दिवा मालवला.

"कुंकू लावू?" शाल्मलीने विचारलं. निहारने मान हलवली. नको.

"सुपारी देऊ?" त्याने तळवा पुढे केला आणि सुपारी तळव्यावर गोल गोल फिरवली. मग निरांजनाचं ताट हळूहळू त्याच्यासमोर फिरू लागलं. त्याची नजर ज्योतीमागे फिरली. तो पळाला नाही. तो चक्क हसला!

"आता आई," तो म्हणाला आणि पाटावरून उठला.

शाल्मली पाटावर बसली. भिंगरीने ताट खालून धरलं आणि निहारने आईला सावकाश ओवाळलं. आत्याबाईंचे हात टाळीसाठी उचलले गेले आणि मधेच थांबले. त्यांनी ते पदरात गुंडाळून घेतले.

"पुढच्या वर्षी मलाही ओवाळशील का रे?" त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

निहारने थोडा विचार केला. "टाळ्या नाहीत," तो म्हणाला.

"नाही रे राजा," आत्याबाई म्हणाल्या, "एकही नाही."