काठाशी टेकलेलं पेट्रोल

आजोबांची जुनी गाडी भर चौकात बंद पडली, तेव्हा त्याला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं! मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर. आणि पेट्रोलचा वास तर असा, की एक बाई नाकाला रुमाल लावून त्याच्याकडेच रागानं बघत गेल्या.

"आधी स्टार्टर मारणं थांबवा," खिडकीशी आवाज आला. "पेट्रोल पिऊन तर्र झालीय ती. अजून किती पाजताय?"

त्यानं मान वर केली. निळा डगला, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, गालावर ग्रीसचा एक फराटा... आणि डोळ्यांत न मावणारं हसू.

"तुम्ही... मेकॅनिक आहात?"

"छे! मी हौस म्हणून तोंडाला ग्रीस लावते. उतरा आणि ढकला."

त्यानं ढकलली. स्टिअरिंग तिच्या हातात आणि घाम त्याच्या कपाळावर, अशी ती वरात कोपऱ्यावरच्या गॅरेजात पोचली. गॅरेज तिच्या मामाचं होतं. कार्बोरेटरचं काम मामानं नुकतंच भाचीच्या हवाली केलं होतं. "हे टेबल माझं," असं तिनं सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा असा काही खुलला की तो गाडी विसरलाच.

तिनं इंजिन साफ करून सुरू केलं, बॉनेटखाली वाकली आणि कार्बोरेटरच्या वाटीच्या अंगाला असलेला बारीक स्क्रू काढला.

"इकडे या. ह्या वाटीत पेट्रोल साठतं. किती साठावं ते हा वरचा नट ठरवतो. आता ह्या भोकातून बघा—पेट्रोल खालच्या काठाशी नुसतं टेकायला हवं. बाहेर सांडलं तर जास्त, दिसलंच नाही तर कमी."

तो वाकला. तिच्या केसांची एक बट त्याच्या कानाला लागली. नट हळूच फिरला, भोकातून ओघळणारं पेट्रोल थांबलं आणि काठाशी चमकत राहिलं.

"दिसलं?"

"दिसलं," तो म्हणाला... तिच्या पापण्यांकडे बघत.

"तुम्ही भलतीकडेच बघताय."

"माझं चष्म्याचं दुकान आहे हो. लोकांचे डोळे बघायची सवयच लागलीय."

ती लाजली आणि लाज लपवायला जरा जास्तच जोरात पाना आपटला. "मग चष्मेवाले, नजर थोडी खाली घ्या. नट तिथे आहे."

गाडी अशी झकास चालायला लागली, की त्याला वाईटच वाटलं. आता तिकडे जायचं कसं?

दोन दिवस त्यानं कळ काढली. मग घरामागे गाडी लावून, इकडेतिकडे बघून बॉनेट उघडलं आणि तो नट फिरवला. जरासाच. पुन्हा धूर, पुन्हा वास, आणि पुन्हा तिचं ते—"काय चष्मेवाले, आज हिनं कुणाच्या नादानं घेतली?"

ती पातळी लावायची, तो बाजूला उभा राहून बोलायचा. तिला लहानपणी बाहुल्यांपेक्षा नट-बोल्ट कसे आवडायचे, हे त्याला कळलं. तो एकटा असला की भिंतीवरच्या तपासणीच्या अक्षरांतून वेडीवाकडी नावं कशी जुळवतो, हे ऐकून ती पोट धरून हसली. घरी आल्यावर त्याचा हात आपोआप बॉनेटकडे जायचा. आज शेवटचं, असं तो दर वेळी म्हणायचा.

पण तिचं हसणं कमी होत गेलं. एकदा तर तिनं वाटीतली सुई बदलली, फरशीला उतार नाही ना हे पाणसळ ठेवून बघितलं आणि हात पुसत, खाली बघून म्हणाली, "माफ करा हं. माझंच काहीतरी चुकतंय. तुम्हाला सारखी खेप पडते."

सांगून टाकायची हीच वेळ होती. पण "अहो... गाडीच म्हातारी आहे," एवढंच तो कसाबसा बोलला आणि पळाला.

त्यानंतर एका दुपारी त्याच्या दुकानाचं दार उघडलं. धुतलेले केस, साधा पांढरा ड्रेस—क्षणभर त्यानं ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि हातातली फ्रेम खाली पडली.

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली. हसली नाही. "मामाला कळता कामा नये."

त्यानं तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. तिच्या इतकं जवळ जाण्याची स्वप्नं त्यानं बघितली होती. अशी नव्हती बघितली.

"वाचा."

ती वाचत गेली. मोठी अक्षरं, मग बारीक, मग त्याहून बारीक.

"मामानं टेबल काढून घेतलं माझ्याकडून," वाचता वाचता ती म्हणाली. "गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, हिचा हात अजून बसला नाही. आता मी टायर बदलते. मामाचं तरी काय चुकलं? तीच गाडी सारखी परत येते. म्हटलं, मला ती पातळी नीट दिसतच नसणार. नंबर लागला असेल तर... चष्मा लावीन ना. मग टेबल परत मागता येईल."

"खालची ओळ," तो म्हणाला.

तिनं खालची ओळ वाचली. त्याखाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. तेही वाचलं.

"डोळे अगदी उत्तम आहेत तुमचे."

"मग..." ती थांबली. "मग हातच वाईट आहे माझा."

तो समोरच्या स्टुलावर बसला.

"हातही उत्तम आहे. नट... नट मी फिरवत होतो. घरी. दर वेळी."

तिनं नाकावरची फ्रेम सावकाश काढली, टेबलावर ठेवली.

"का?"

"तुम्हाला भेटता यावं म्हणून."

"मला भेटायला," ती एकेक शब्द चाचपत म्हणाली, "तुम्ही मला बिनकामाची ठरवलंत?"

आणि ती निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या.

दुकान उघडं टाकून तो तसाच गॅरेजकडे धावला. मामा एका गाडीखालून बाहेर येत होते. तीन-चार गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. धापा टाकत त्यानं मामांना सगळं सांगितलं, हलक्या आवाजात. मामांनी चिंधीला हात पुसले.

"मोठ्यानं सांगा. मी पोरीला ज्यांच्यासमोर बोललो, तेच बसलेत इथे."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्या, तरी तो शेवटपर्यंत बोलला. मामा हसले नाहीत. "आणि मी तिला एका शब्दानं विचारलंही नाही," ते पुटपुटले. मग दाराकडे वळून म्हणाले, "बाळा, टेबल तुझं."

ती दारात उभी होती. कधी आली, कोण जाणे. त्याच्याकडे न बघता आत गेली आणि आपली हत्यारं लावू लागली.

पुढे कितीतरी दिवस तो त्या रस्त्यानं गेलाच नाही. लांबच्या वाटेनं दुकान गाठायचा. गाडी ठणठणीत होती, आणि तीच गोष्ट सलायची—तिनं लावलेली पातळी तसूभरही हलत नव्हती. गॅरेजात जायला आता एकही कारण उरलं नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी तो कारणाशिवायच निघाला. पायी. हात रिकामे. दाराशी पोचला, तेव्हा वाटलं, अजूनही मागे फिरावं.

"गाडी कुठाय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"घरी. बरी आहे."

"मग कशाला आलात?"

तो उंबरा ओलांडून आत आला. मग म्हणाला, "तुम्हाला भेटायला."

तिचे हात थांबले. "एवढंच आधी म्हणता येत नव्हतं?"

"लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आता... तर फारच वाटतेय."

तिनं वर बघितलं. राग पुरता गेलेला नव्हता, पण त्याच्या कडेनं काहीतरी हलकंसं उजाडत होतं.

"वाटू दे थोडे दिवस," ती म्हणाली, आणि पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बसा. एवढं झालं की चहा घेऊ."