काचेवरची साल

डिझाइन कॉलेजच्या स्टुडिओत तिला सगळे खारूताई म्हणत, कारण तिच्या खिशात कायम पानं, बिया नाहीतर कसली तरी टरफलं असायची. यंदा परीक्षेसाठी प्रत्येकाने निसर्गाकडे बघून खिडकीला लावायचा एक अर्धपारदर्शक पापुद्रा, म्हणजे साल, बनवायची होती. उजेड आत यावा, झळ बाहेर राहावी. खारूताईने शेवाळाची पूड शिजवून, ग्लिसरीन घालून काचेवर पातळ ओतली आणि पानातल्यासारख्या दोऱ्याच्या शिरा त्यात बसवल्या.

मागच्या वर्षी ती नापास झाली होती. यंदाही झाली तर शिक्षण सोडून दुकानात बसेन, असं वडिलांना कबूल करून आली होती. त्यामुळे जिवाला घाई. साल मधे ओलसर असतानाच तिने काठ उचलला, आणि ती टर्रकन फाटली.

"झालं कल्याण!" शेजारच्या टेबलावरचा लंबू म्हणाला. "आता फडकं म्हणून दाखव."

सर जवळ आले. केस पिकले तरी मुलांच्या चुका बघायला न कंटाळणारा माणूस.

"रडतेस काय? फाट कुठे थांबली ते बघ. शिरेपाशी. म्हणजे शीर आपलं काम करतेय की! राहू दे तशीच, वाळू दे."

सकाळी ती आली, तर फाट मिटलेली. तिच्यावरून केसाएवढ्या बारीक शिरा आडव्या गेल्या होत्या.

"लंबू, तू शिवलीस?"

"मला शर्टाचं बटण लावता येत नाही, बाई."

तिने बोट टेकवलं. खोली गार होती. साल कोमट होती.

परीक्षेचा नियम साधा होता. प्रत्येक सालीची एक पट्टी कापायची आणि तुटेपर्यंत ओढायची. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी कटर उघडला. पातं जवळ गेलं, तसा सालीवर काटा आला. या काठापासून त्या काठापर्यंत.

"कापू नका," खारूताई म्हणाली.

"पट्टी नाही, तर गुण नाहीत."

तिला दुकानाचा गल्ला दिसला. तरी ती म्हणाली, "मग नापास करा. पण कापू नका."

लंबूसुद्धा हसला नाही. बाईंचा हात हवेतच राहिला.

सरांनी तो कटर हळूच काढून घेतला. "अख्खीच ताणून बघू या ना, बाई. पट्टीपेक्षा अवघड परीक्षा आहे ती."

वजनं टांगली. आणखी टांगली.

साल ताणली. थरथरली. फाटली नाही.

बाईंनी गुण लिहिले.

साल खिडकीत लावल्यावर मधासारखा उजेड खोलीभर पसरला. खारूताईने तिथूनच फोन लावला. "बाबा, पास झाले! दुकानात दुसरं माणूस बघा!"

बोलता बोलता तिचं लक्ष सालीमागच्या काचेकडे गेलं. तिथे श्वासाचा पडतो तसा वाफेचा एक डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला, भराभर.

ती कुजबुजत बोलू लागली, तसा तो संथ होत गेला.