स्लॅबवरची हवा विकणे आहे

व्हिडिओ काढणाऱ्या युलिएतच्या मोबाईलच्या चौकटीत अचानक एक पोरगा शिरला — हातात बादली, खांद्यावर फुलाफुलांची ओली चादर.

"अहो, बाजूला व्हा! मी घर विकतेय!"

"आणि मी चादर वाळत घालतोय. स्लॅब आमचाच आहे, बाई."

मेदेयीन शहराच्या त्या डोंगरचढावर एकाचं छप्पर म्हणजे दुसऱ्याचं अंगण. युलिएत भांडायला पुढे झाली, तेवढ्यात पाऊस कोसळला. दोघं चादरीची टोकं धरून आडोशाला पळाली… आणि भांडण तसंच अर्धवट राहिलं.

त्याचं नाव विल्मार. हसला की वाकडा दात दिसायचा.

"मोबाईलवर घरं विकता ना? मग आमची हवा विकाल?"

स्लॅबच्या वर मजला चढवायचा हक्क — त्यालाच इथं हवा म्हणतात. खाली आई राहणार, हवा विकून विल्मार माद्रिदला मावशीकडे जाणार. तिथं हॉटेलात काम होतं.

"जिना?" युलिएतनं विचारलं.

"बाहेरून. परका माणूस रोज आईच्या स्वयंपाकघरातून ये-जा करणार का?" त्यानं बाहेरच्या भिंतीवर खडूनं जिन्याची रेघही मारून ठेवली होती.

खाली शहरातल्या ऑफिसातला साहेब युलिएतला बजावायचा — पायऱ्या दाखवू नकोस, लोंबत्या तारा दाखवू नकोस, शेजारी तर नकोतच. मग दाखवू काय, तुझं टक्कल? ती मनात म्हणायची. कित्येक वर्षं ती त्याच्या टॉवरमधले पोहण्याचे तलाव दाखवून घरं विकत होती. स्वतः मात्र बिनखिडकीच्या भाड्याच्या खोलीत झोपायची. आपल्या घरासाठी पै-पै साठवत होती. खोटं बोलायचं आणि त्याला मार्केटिंग म्हणायचं, याचा तिला वीट आला होता.

या वेळी तिनं सगळं दाखवलं. प्रत्येक पायरी, तारा, धापा टाकणारा स्वतःचा आवाज. जाळीवर आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजता भाजता विल्मारची आई, दोन्या ओफेलिया, ओरडली, "कोण गं तू? जेवलीस का?" तेही ठेवलं. शेवटी विल्मार लाजत म्हणाला, "दम लागतो. पण वर आलात की अख्खं शहर पायाशी."

रात्री तिनं व्हिडिओ टाकला; सकाळपर्यंत फोन तापला. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं — 'हवा राहू दे, पोरगा विकायचाय का?'

विल्मार पोट धरून हसला.

"हसू नकोस. दात दिसतो."

"तुला आवडतो तो."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या कॅमेऱ्यानं… जिन्यापेक्षा माझ्यावरच जास्त थांबलाय."

ती लाल झाली. व्हिडिओ पुसून टाकला असता तर हवा विकली गेली नसती, हा इथंच राहिला असता. पण तसलं रडकं, चोरटं प्रेम तिला नको होतं.

शनिवारी एक बाई चढून आली. घामाघूम, पण खूश. "घेतली मी!"

"बाई, तुमच्या आधी एक गिऱ्हाईक आहे," युलिएत म्हणाली.

"कोण?"

"मी. तुम्हाला इथवर चढायला लावलं, त्याबद्दल माफ करा. खाली आरेपा गरम आहेत, खाऊनच जा."

बाई पुटपुटत उतरली. विल्मार बघतच राहिला.

"मला थांबवायला करतेयस हे?"

"भाव खाऊ नकोस! साठवलेले सगळे पैसे ओततेय मी. तू तिकीट काढ, जा माद्रिदला. मी घर घेतेय, नवरा नाही. तू मला आवडतोस… ती वेगळी गोष्ट आहे. पण घर मला हवंच. तू असलास तरी, नसलास तरी."

डोक्यावरून केबलकारचे पाळणे सरकत होते. विल्मार खाली उतरला. तिला वाटलं, गेला.

तो बाहेरच्या भिंतीपाशी थांबला. तिथं वाळत घातलेल्या ओल्या चादरीचं टोक घेतलं आणि खडूची रेघ पुसून टाकली — घासून, अगदी मुळापासून. मग आत गेला.

"आई, स्वयंपाकघरातलं कपाट सरकव. जिना आतून काढायचाय."

"आणि माद्रिद?"

"मावशीला सांग, दुसरा कुणी बघ म्हणावं."

"त्या पोरीला विचारलंस का?"

युलिएत स्लॅबच्या कडेला ओणवी झाली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"डावीकडे सरकवा, दोन्या ओफेलिया! पायऱ्या रुंद हव्यात. दोघांना शेजारी-शेजारी चढता आलं पाहिजे!"