रिपोर्टच्या आधी

नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटली! दोन्ही हातांत सुया. माझं रक्त एका हातातून मशीनमध्ये जाऊन, पांढऱ्या पेशी तिथे ठेवून दुसऱ्या हातात परत येत होतं, आणि चार तास हलायचं नाही. मी नाक मुरडलं, फुंकर मारली... नुसता वैताग.

"मी मदत करू?" शेजारच्या खुर्चीतल्या मुलाने विचारलं. तो प्लेटलेट द्यायला आला होता. त्याचा एक हात मोकळा होता.

"डावीकडे... थोडं वर— हां!"

"मी हर्षद. दिंडोशी कोर्टात स्टेनो. तुम्ही?"

"अक्षता. नाक खाजवून दिल्यावर अहो-जाहो कसलं रे?"

तो हसला आणि मी भडाभडा बोलत सुटले. सिद्धेशदादाला ब्लड कॅन्सर. गेल्या वर्षी माझ्याच मूळपेशी त्याला दिल्या, तरी आजार उलटला. आता त्या आजाराला शोधून मारतील अशा माझ्या पेशी त्याला देणार होते.

"मीच कमी पडले ना..."

"हा आरोप कोर्टात एका मिनिटात उडेल."

रडूही आलं, हसूही. "ओठांना मुंग्या येतायत," मी म्हणाले.

"माझ्यामुळे?"

"रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये घालतात त्या औषधामुळे! त्याने कॅल्शियम उतरतं. सिस्टर, कॅल्शियमची गोळी द्या ना."

पुढचे दोन महिने जिवाला स्वस्थता नव्हती. दादाच्या अंगावर थोडं पुरळ उठलं तर माझ्या पेशी कामाला लागल्या म्हणून डॉक्टर खूश, जास्त उठलं तर त्या दादाच्याच शरीरावर तुटून पडतील म्हणून सगळ्यांना धास्ती. हर्षद रोज फोन करायचा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर त्याने एकदा सरळच विचारलं.

"दादाचा रिपोर्ट आल्यावर सांगते," मी म्हणाले.

रिपोर्टच्या दिवशी दादा डॉक्टरांकडे आत गेला. मी बाहेर येरझारा घालत होते. हर्षद कोर्टातून रजा काढून आला होता. एकाएकी मी त्याच्यासमोर थांबले.

"तू मला आवडतोस. खूप."

"अगं, पण रिपोर्ट—"

"म्हणूनच आत्ता. चांगला आला तर वाटेल, आनंदाच्या भरात बोलले. वाईट आला तर... वाटेल, आधार हवा म्हणून बोलले. मला तसं नकोय."

त्याने माझा हात धरला.

दार उघडलं. दादा मास्क लावून उभा होता. माझ्याकडे, मग आमच्या हातांकडे बघत म्हणाला, "हा कोण?"

"सांगते! आधी रिपोर्ट सांग."

"नाही, आधी तू," दादा म्हणाला. मास्कच्या वर त्याचे डोळे हसत होते.