ओठांच्या आधी

आत्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. सकाळी ती एका विमा कंपनीचं काम करायची, पोटासाठी. दुपारी जेवण उरकलं, भांडी पालथी घातली, की हात पुसून ती दुसऱ्या कामाला बसायची, ते मनासाठी. खिडकीला लागून एक रुंद टेबल, त्यावर दोन पडदे, अक्षरं पुसून गेलेला कीबोर्ड आणि तीन चष्मे: एक जवळचा, एक लांबचा आणि एक कायम हरवलेला.

हे मनाचं काम म्हणजे निरोपांचा एक प्रोग्राम. आपण इथे लिहायचं, दुसऱ्याने तिकडे वाचायचं, इतकं साधं. वेगळेपण एवढंच की त्याचा सगळा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं हौसेने तसं करत. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. कुणाचाही बदल दुसऱ्या कुणी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय आत घ्यायचा नाही. हे वाचण्याचं काम बहुतेक वेळा एक गृहस्थ करत. त्यांना सगळे मागून आणि तोंडावरही खडूस म्हणत, आणि त्यांना ते आवडत असावं. अकरा वर्षं आत्या त्यांच्याबरोबर काम करत होती. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. ऐकणार कसा? प्रोग्राममध्ये आवाजच नव्हता.

तो घालायचं ठरलं ते रेडिओमुळे.

रेडिओ म्हणजे आत्याची भाची, वय वर्षं नऊ. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत अखंड बडबड, म्हणून तिच्या बाबांनीच ठेवलेलं हे नाव. चार महिन्यांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली आणि रेडिओ जवळजवळ बंद पडला. तिचं शाळेत जाणं थांबलं. वर्गाच्या बाई चांगल्या, त्यांनी आत्याच्या प्रोग्रामवर वर्ग भरवायला सुरुवात केली, म्हणजे रेडिओला घरून लिहून का होईना, वर्गात बसता यावं. डॉक्टरांनी दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली होती. बोलण्याचं रेशन, असं रेडिओ म्हणायची, आणि त्यातली दोन मिनिटं तक्रारीत घालवायची.

ऑपरेशन मंगळवारचं ठरलं. आवाज परत येईल का, कसा येईल, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नव्हतं. रेडिओने फक्त एक मागितलं. वर्गातल्या एका मुलीशी तिची पैज होती की ती सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवेल. तो तिला सगळ्या वर्गासमोर म्हणायचा होता, लिहून नाही, स्वतःच्या आवाजात. सोमवारी, अकराच्या तासाला.

आत्याने विमा कंपनीतून आठवडाभर रजा घेतली.

आवाज आणि चित्र एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं म्हणजे काय, हे आत्या रेडिओला समजावून सांगायची. दोन्हींचे बारीक बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहायची, जशी पत्रावर तारीख. दोघे वेगवेगळ्या वाटांनी येतात. जो आधी पोचेल त्याला दारात थांबवून ठेवायचं, दुसरा आला की दोघांना बरोबर आत सोडायचं. मग ओठ हलतात तेव्हाच शब्द ऐकू येतो. पावसाळ्यात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

खडूसांनी तिचा बदल वाचला आणि लिहून कळवलं की विरामचिन्हं सोडून त्यातलं सगळं संशयास्पद आहे. म्हणजे त्यांना काम पसंत पडलं होतं.

गुरुवारी पहिली चाचणी झाली. पडद्यावर रेडिओ दिसली, दोन वेण्या, मिटलेले ओठ. आणि तिचा आवाज आला, "आत्या, तुझ्या मागे पाल."

आत्याने वळून पाहिलं. भिंत रिकामी होती. ती पाहत असतानाच खिडकीच्या चौकटीमागून एक पाल बाहेर आली आणि थांबली. आत्याने मान परत वळवली तेव्हा पडद्यावर रेडिओचे डोळे मोठे झाले होते, बोट वर गेलं होतं आणि ओठ हलत होते, काही आवाज न होता.

चाचणीच्या नोंदीत लिहिलं होतं: आवाज, उणे तीन सेकंद.

उणे म्हणजे आधी. गडगडाट विजेच्या आधी आला होता. एक वेळ तेही चाललं असतं, वाटेत चित्र रखडलं असेल. पण पाल काही तारेतून आली नव्हती. ती आत्याच्या स्वतःच्या भिंतीवर होती, आणि आवाज पोचला तेव्हा तिथे नव्हती.

खडूसांनी लिहिलं, वजाबाकी उलटी केली असेल, पहिलीतल्या पोरांची चूक, तुमच्या वयाला शोभत नाही. आत्याने वजाबाकी तपासली. सुलट होती. पालीचं तिने त्यांना कळवलं नाही. कळवायचं तरी काय, आणि कोणत्या शब्दांत?

शुक्रवारच्या चाचणीत रेडिओ पडद्यावर जीभ काढून वाकुल्या दाखवत होती आणि तिचा आवाज कुणाला तरी सांगत होता की हे औषध खडूसारखं लागतं, मी नाही घेणार. नोंद होती: उणे एक तास बारा मिनिटं. आत्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वा तासाने भावाचा निरोप आला. ताई, डॉक्टरांनी औषध बदललंय, आत्ताच आणलं, आणि तुझी भाची म्हणते खडूसारखं लागतं. हिने खडू कधी खाल्ला ते विचार.

आत्याने तो निरोप दोनदा वाचला. तिला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. गणिताचं उत्तर बरोबर यावं आणि रीत चुकलेली असावी, तसं काहीतरी झालं. तिने आठवड्याचं सगळं काम पुसून टाकलं आणि जुन्या, खडूसांनी तपासलेल्या प्रतीवरून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

शनिवारी अकरा वाजता नव्या कोडची चाचणी लागली. पडद्यावर रेडिओ गुडघ्यावर वही घेऊन चित्र रंगवत होती, मान खाली. आवाज मात्र ताठ उभा राहिल्यासारखा येत होता. "एकशेसत्तर. एकशेत्रेपन्न. एकशेछत्तीस." आत्याने सवयीने ध्वनी साठवायचं बटण दाबलं. पंच्याऐंशीला आवाज खरखरला. अडुसष्टच्या आधी खोकला आला, मग "थांबा हं, हे धरायचं नाही," आणि पुढे एक्कावन्न, चौतीस, सतरा, एका दमात. मग शांतता, आणि एक छोटं समाधानी हुंकारणं.

नोंद: उणे अठ्ठेचाळीस तास.

आत्याने लिहून विचारलं, आज पाढ्याचा सराव केलास का? पडद्यावरच्या मुलीने मान हलवून नाही म्हटलं आणि रंगवत राहिली.

रविवारी काहीच आलं नाही. म्हणजे आवाज येत होता, तार तुटली नव्हती. खोली ऐकू येत होती. भांड्याचा आवाज, दार लोटल्याचा, भावाच्या चपला, आणि सतत काहीतरी बारीक खरवडल्यासारखं. पडद्यावर रेडिओ तिचं सगळं रेशन एका दमात संपवत होती, हात नाचवून काहीतरी सांगत होती, हसत होती. त्यातला एकही शब्द इकडे पोचत नव्हता. आत्याने कानावर यंत्र घट्ट दाबून पाचही मिनिटं ऐकलं.

नोंद होती: उणे पाच दिवस. आत्याने बोटांवर मोजलं. शुक्रवार.

ऑपरेशनच्या नंतरचा शुक्रवार.

सोमवारी अकराला वर्ग भरला. पडद्यावर सव्वीस छोटी तोंडं, मधोमध बाई, आणि एका चौकोनात रेडिओ, इस्त्रीचा फ्रॉक घालून उभी. आत्याने तिचा खरा आवाज बंद करून ठेवला होता. त्याच्या जागी शनिवारी साठवलेला लावला होता आणि बोट बटणावर होतं. रेडिओने श्वास घेतला. आत्याने बटण दाबलं.

एकशेसत्तर, एकशेत्रेपन्न. ओठ आणि आवाज जुळले. पंच्याऐंशीला रेडिओचा हात घशाकडे गेला आणि आवाज खरखरला. अडुसष्टच्या आधी तिला खोकला आला, तोच, तेवढाच. तिने पंजा वर केला, थांबा हं. वर्ग हसला. सतराला पोचल्यावर सव्वीस जणांनी टाळ्या वाजवल्या आणि पैज हरलेल्या मुलीने सगळ्यांत जोरात.

रेडिओ इतकी खूश होती की आत्याने कुणालाच काही सांगितलं नाही.

संध्याकाळी तिने भावाला साध्या फोनवर फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिने विचारलं की ऑपरेशन थोडं पुढे ढकललं तर चालणार नाही का. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिलाही माहीत होतं, पण भावाने ते पुन्हा सांगितलं, सावकाश, ती लहान असल्यासारखं. गाठ ठेवता येत नाही.

"ताई, आवाज गेला तरी पोर राहील," तो म्हणाला.

आत्याने फोन ठेवला.

मंगळवार कसा गेला ते तिला नंतर आठवेना. दुपारी दोनला निरोप आला, सगळं नीट झालं. बुधवारी भावाने लांबलचक लिहिलं. गाठ पूर्ण निघाली. आता आठ दिवस एक अक्षरसुद्धा बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, डॉक्टरांचा हुकूम आहे. मी तिला पाटी आणि पेन्सिल आणून दिली आहे, दिवसभर खरवडत बसते, तिच्या लिहिण्याने माझं डोकं दुखायला लागलंय.

पाटी आणि पेन्सिल. आत्या एकटीच मोठ्याने हसली. रविवारी तिने ऐकलेली शांतता ती हीच. एवढीशी. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं. बाकीचं, म्हणजे आवाज दिवसच्या दिवस आधी कसा पोचला, ते तिला अजूनही उलगडत नव्हतं. पण पोरगी बोलणार असेल तर न उलगडलेलं असू दे, असं तिने ठरवलं. खडूसांना तिने कळवलं की आवाजाचं काम काही दिवस बाजूला ठेवते. त्यांनी लिहिलं, उत्तम, निदान विरामचिन्हं तरी जपून ठेवा.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. आधी भाऊ बोलला. त्याला धड बोलता येत नव्हतं. आवाज आला होता. जरा घोगरा आहे, तो म्हणाला, पण तो पंधरवड्यात जाईल आणि मग पहिल्यासारखा होईल, डॉक्टर अगदी छातीठोकपणे म्हणालेत. मग त्याने फोन दिला.

"आत्या," रेडिओ म्हणाली. आवाज वाळूवरून ओढल्यासारखा, पण तिचाच. आत्याला डोळे पुसावे लागले.

मग रेडिओ लागला तो लागलाच. आठ दिवसांचं साठलेलं होतं. नर्स कशी, दवाखान्यातली जेली कशी, पाटी दोनदा कशी फुटली. आणि कंटाळा आला की ती काय करायची, तर आत्याच्या घरी फोन लावायची, प्रोग्रामवरून.

आत्या म्हणाली, मी तर तो उघडलासुद्धा नाही.

"तू नाही उचलत, तुझा कॉम्प्युटर आपोआप उचलतो," रेडिओ म्हणाली.

ते खरं होतं. चाचणीच्या वेळी रेडिओचं रेशन वाया जाऊ नये म्हणून आत्यानेच तशी सोय केली होती, आणि ती काढायची राहून गेली होती. हे काम करणारे सगळेच कधी ना कधी असं विसरतात. तिने टेबलाकडे पाहिलं. दोन्ही पडदे काळे होते. खालचा बारीक दिवा हिरवा होता.

रेडिओ सांगत होती की चित्र नाही दिसायचं, नुसतं ऐकू यायचं, आणि आपल्याला बोलायचं नसल्यामुळे मजा यायची. सगळं तिने वहीत लिहून ठेवलं होतं. पानं उलटल्याचा आवाज आला. पहिल्या दिवशी तू गुणगुणत होतीस. दुसऱ्या दिवशी तू नळवाल्याशी भांडलीस, फोनवर, दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही म्हणून.

स्वयंपाकघरातला नळ आज पहाटेपासून गळत होता. आत्याने त्याच्याखाली पातेलं ठेवलं होतं. नळवाल्याला तिने अजून फोन केला नव्हता.

"मग पुढे?" आत्याने विचारलं.

"मग दोन दिवस काहीच नाही. नुसतं टप टप. मग खूप माणसं आली. बाबांचा आवाज होता. ते म्हणत होते, पुस्तकं वेगळ्या खोक्यांत भरा, आणि किल्ली घरमालकांकडे द्यायची आहे. तुझाच आवाज तेवढा नव्हता. आत्या, तू घर बदलतेयस? मला कुणी सांगितलंच नाही."

आत्या खुर्चीत बसली.

"आणि मीपण होते तिथे," रेडिओ म्हणाली. "मी बाबांना म्हणत होते, हा कॉम्प्युटर मला द्या. मी ऐकला ना माझा आवाज. म्हणून तर मला भीती वाटली नाही गं. मला माहीत होतं तो येणार."

नळाचं पाणी पातेल्यात पडत होतं. आत्याने अगदी हळू विचारलं की तो आवाज कसा होता, पूर्वीसारखा, मोकळा?

रेडिओने क्षणभर आठवून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता आहे ना, अगदी असाच."