एका पाकिटात दोन अळंब्या

चांद्रवसाहतीतल्या अळंब्या खायच्या की नाहीत, हे पृथ्वीवरून चार तासांच्या आत कळवायचं होतं. पुरवठ्याचं यान दोन दिवस उशिरा येणार होतं, डबे रिकामे झाले होते आणि अळंबीचं पीक मात्र टोपल्या भरून निघालं होतं. उपाशी बसलेल्या अकरा जणांत ऋजुताची आई होती.

बियाण्याच्या पुडीवर नाव होतं ‘पांढरी चंद्रिका’. घोळ तिथंच होता. एका जुन्या पुस्तकात चंद्रिका चविष्ट होती, दुसऱ्यात तीच चंद्रिका मूत्रपिंडं निकामी करत होती.

“आजोबा, खरं कुठलं?” ऋजुतानं विचारलं.

“दोन्ही,” डॉ. पोंक्षे म्हणाले. त्यांची हयात कवकांत (बुरशी आणि अळंब्यांच्या कुळात) गेली होती. “दोन वेगळ्या अळंब्यांना लोक एकाच नावानं हाका मारतायत.”

मग तिला घेऊन संग्रहालयाच्या कपाटाकडे जाता जाता त्यांनी समजावलं. प्रत्येक शास्त्रीय नाव एका सुकवलेल्या नगाला कायमचं बांधलेलं असतं. त्याला नामनमुना म्हणतात. वाद झाला की पुस्तकांना नाही, त्या नगाला विचारायचं. चंद्रिकेच्या शास्त्रीय नावाचा नग १९३१ साली गजानन टेंबे यांनी वेचला होता आणि तसलीच अळंबी शिजवून खाल्ल्याचंही लिहून ठेवलं होतं.

चिमटा नावाच्या यंत्रमानवानं पाकीट उघडलं आणि तो थबकला. आत एक मोठी आणि एक छोटी अशा दोन अळंब्या होत्या. टेंबे मोठे विद्वान, पण एवढा वेंधळेपणा त्यांनी करून ठेवला होता.

चिमट्यानं दोन्हींचा डीएनए (पेशींत लिहिलेली वंशाची ओळख) वाचला. चंद्रावरून आलेली पिकाच्या डीएनएची नोंद छोट्या अळंबीशी तंतोतंत जुळली. पण यांतली चंद्रिका कुठली? आता जेमतेम तास उरला होता.

आजोबांनी टेंब्यांचं वर्णन ऋजुतापुढे सरकवलं. ती बोट ठेवून वाचू लागली. ‘देठाला पातळ कडं.’ तिनं भिंग उचललं, दोन्ही देठ निरखले आणि पुन्हा निरखले.

“कडं मोठीलाच आहे, आजोबा. छोटीला नाही.”

आजोबांनीही भिंगातून पाहिलं. मग लिहिलं, ‘यापुढे मोठी हाच चंद्रिकेचा नामनमुना.’ म्हणजे चंद्रावर उगवलेली ती चंद्रिका नव्हेच, आणि टेंब्यांनी खाल्लेलीही ती नव्हे. संदेश गेला : विषारी असू शकते, खाऊ नका.

आईचं उत्तर लगेच आलं. “पातेलं उतरवलं. भूक लागलीय गं, पण आम्ही थांबतो.”

तिसऱ्या दिवशी पडद्यावर आई वरणभात खाताना दिसली, तेव्हा कुठे ऋजुता पोटभर जेवली. मग तिनं छोटीला वेगळ्या पाकिटात ठेवलं आणि वर लिहिलं : ‘नाव ठरायचं आहे. तोवर खाऊ नये.’

कपाटात अजून नऊ हजार पाकिटं होती. तिनं भिंग पुसून पुढचं उघडायला घेतलं.