येतो म्हणा

दारावरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत झळकत होतं, ‘दामोदर निखाडे : आले’, आणि पाटीखाली उभ्या राहून चंद्रकलाबाई निखाडे घसा फोडून सांगत होत्या, की आले नाहीत, आले नाहीत, आले नाहीत!

“अवं पोरी, आले असते तर मी इथं कशाला कोकलत बसले असते? मला वेड लागलं का?”

“काकू, कोठार म्हणतंय आले,” काचेमागची इंजिनिअर श्रुती उईके म्हणाली.

“कोठाराला म्हणावं मग, जेवायला वाढ त्यांना!”

चंद्रपूरच्या पलीकडे उन्हाचा पारा छप्पन्नावर जाऊन बसला, तेव्हा माणसांनी गारनगर बांधलं. डोक्यावर पारदर्शक छत, आत गार हवा आणि बाहेर पडायला एकच दार. बाहेर जायचं तर गार अंगरखा चढवायचा. तो तीन तास थंड राहतो, नंतर आतल्या माणसाचा पापड होतो. दामोदरराव सकाळी सौरपट्ट्यांवरची धूळ झाडायला गेले होते. एरवी दोन तासांत परतणारा माणूस. आज अडीच तास होऊन गेले होते आणि रेडिओवर नुसती खरखर होती.

बचावगाडी दारातच उभी होती. पट्ट्यांचं रान कोसभर पसरलेलं, त्यात पायी शोधणं शक्यच नव्हतं. पण गाडीचं कुलूप होतं कोठाराच्या हाती. कुणीतरी बाहेर आहे असं कोठार म्हणेल, तरच गाडी हलणार. नगराचा कारभार बघणाऱ्या समितीच्या एका सभासदानं ती शेजारच्या नगरात मेव्हण्याच्या लग्नाला नेली होती, तेव्हापासूनचा हा नियम. एकानं शेण खायचं आणि साऱ्या गावानं तोंड धुवायचं, दुसरं काय!

आता हे कोठार काय, तेही सांगायला हवं. गारनगराचं दार ऐकतं. धुळीनं कॅमेरे आंधळे होतात, उन्हानं बोटांचे ठसे जातात, म्हणून आवाजावरून माणूस ओळखायचा आणि शब्दावरून त्याची दिशा. ऐकलेलं सारं कोठार नावाच्या संगणकात नोंदलं जातं आणि प्रत्येक नोंदीवर त्या शब्दाची खूण बसते : जातो, निघालो, आलो, पोचलो. सारख्या खुणांची मोट बांधली की झाला खूणगट. इथं गट दोनच, ‘आले’ आणि ‘गेले’. नोंदकोठारातली नोंद कुणालाच पुसता येत नाही. मात्र एखादी खूण एका गटातून दुसऱ्यात नेली, की जुन्या नोंदींचाही अर्थ एका क्षणात बदलतो.

श्रुतीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा. काका म्हणाले ‘जातो’. म्हणजे गेले. मग लगेच म्हणाले ‘येतो’. ‘येतो’ आहे ‘आले’ गटात. म्हणजे आले.”

चंद्रकलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी दारात डबा देताना दामोदरराव घाईत म्हणाले होते, “जातो गं.” आणि त्या कडाडल्या होत्या, “जातो काय म्हणता? जिभेला काही हाड? येतो म्हणा!” ते हसून म्हणाले होते, “बरं बाई, येतो,” आणि उन्हात निघून गेले होते. दारानं दोन्ही ऐकलं होतं.

“मीच,” त्या म्हणाल्या. “मीच वदवून घेतलं.” आणि पुढच्याच क्षणी काचेवर मूठ आपटली. “पण कोणत्या शहाण्यानं हा शब्द तिकडं घातला?”

“कंपनीनं. शब्दकोश बघून.”

“निघताना त्याला कधी कुणी टोकलंच नसेल मेल्याला! अन् इतके दिवस कुणाला कळलं काहून नाही?”

“सगळे ‘येतो’ म्हणून गेले आणि ‘आलो’ म्हणून परतले. एक माणूस दोनदा आला, याची कोठाराला काय फिकीर?”

“मग बदल की आता!”

“साऱ्या गावाच्या नोंदींचा अर्थ बदलेल, काकू. समितीची परवानगी...”

“समितीच्या नानाची टांग! तिथं माझा माणूस भाजतोय!”

श्रुतीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पडद्यावर कोठाराची खिडकी उघडली. कोठाराच्या आत हात घालता येत नाही. बाहेरून ठरावीक साच्यात मागणी सरकवायची, साचा जुळला तर आत ती जशीच्या तशी पाळतात. इंजिनिअर लोक या खिडकीला एपीआय म्हणतात. सरकारी कचेरीतल्या खिडकीशी तिचं नातं सख्ख्या बहिणीचं. श्रुतीनं मागणी सरकवली : ‘येतो’ ही खूण ‘गेले’ गटात घाला.

उत्तर आलं : नामंजूर. खूण आधीच दुसऱ्या गटात आहे.

मग आधी तिकडून काढा. नामंजूर. गटाचं नाव अपूर्ण.

“आले! आले म्हणजे आले, आणखी काय पूर्ण पाहिजे याला?” श्रुतीही आता वैतागली. नावापुढं एक टिंब राहिलं होतं. ते घातलं. खूण निघाली. पुन्हा पहिली मागणी. पडदा थबकला, आणि दारावरची पाटी लुकलुकली.

‘दामोदर निखाडे : गेले’

“गेले!” चंद्रकलाबाई आनंदानं किंचाळल्या. “गेले गं माय, गेले!” रस्त्यानं जाणारी माणसं जागच्या जागी थिजली. तोवर बचावगाडीचं कुलूप खटकन उघडलं होतं.

दामोदरराव पट्टीच्या सावलीत सापडले. घोटा मुरगळलेला, रेडिओ फुटलेला, ओठ काळे पडलेले. पण जिवंत.

पुढं समिती बसली. एकानं मुद्दा काढला, की बाहेरून परतणारा ‘थांबा, येतो’ म्हणाला तर त्याचं काय? तो आत येऊन बसेल आणि गाडी त्याला उन्हात शोधत फिरेल. शेवटी ‘येतो’ दोन्ही गटांतून काढून टाकला. त्या शब्दाला दार बहिरं झालं.

घोटा बरा झाल्यावर दामोदरराव पुन्हा कामाला निघाले. चंद्रकलाबाईंनी डबा दिला. ते दाराकडं तोंड करून म्हणाले, “येतो.”

दार ढिम्म.

“येतो!” ते ओरडले. मागं रांग लागली. कुणीतरी म्हणालं, “अहो काका, म्हणून टाका ना एकदाचं, अंगरखे तापताहेत.” दामोदररावांनी वळून बायकोकडं पाहिलं. घरातून निघणाऱ्या कुणालाच तो दुसरा शब्द चंद्रकलाबाईंनी आजवर उच्चारू दिला नव्हता, सासऱ्यांनासुद्धा नाही.

“अहो,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “जातो म्हणा.”

“जातो,” ते म्हणाले. दार उघडलं, ऊन आत आलं, आणि ते बाहेर पडले.

‘दामोदर निखाडे : गेले’

“बघा काकू, नोंद कशी बिनचूक झाली!” श्रुती काचेमागून म्हणाली.

चंद्रकलाबाई घरी गेल्या नाहीत. पाटीवरचा शब्द बदलेपर्यंत इथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पाटीखाली तीन-चार बायका आपापल्या माणसाच्या नावाकडं बघत आधीच उभ्या होत्या. त्यांनी जरा सरकून जागा करून दिली.